खालच्या बिऱ्हाडाचा धूर

उष्णता हा विषय गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही महाविद्यालयात शिकवीत आलो आहो. परंतु तो आम्हांस खऱ्या अर्थाने शिकविला आमच्या चिरंजीवांच्या खेळाच्या संगणकाने, आणि तोही ऐन वैशाखात!

चिरंजीवांनी शिकवण्यांच्या पैशांतून जुन्या बाजारातले दुसरे ग्राफिक्स कार्ड आणून पहिल्याच्या खाली बसविले. जोडीची ही हौस नवी नव्हे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांनी ती रूढ केली. २००४ साली एन्व्हिडियाने तिचे पुनरुज्जीवन केले. आणि २०२२ साली त्याच कंपनीने खेळासाठी काढलेल्या नव्या कार्डांवर जोडणीची सोयच ठेविली नाही. कार्डांचीही एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणावयाची! जुनी कार्डे स्वस्त मिळतात, एवढाच तिचा मोह आता उरला आहे.

भर खेळात प्रत्येक कार्ड २५० वॅट वीज खाई. ही वीज चित्रे दाखविण्यात खर्ची पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती जवळजवळ सर्वच उष्णता होऊन खोलीत उतरते. अर्थात घरात ५०० वॅटांची शेगडीच पेटलेली! वरचे कार्ड ८४ अंश सेल्सियसला पोचे व आपली गती आपणच कमी करी. खालचे मात्र ७० अंशांवर स्वस्थ असे. वरचे कार्ड सदोष आहे, असा चिरंजीवांचा तर्क. चिरंजीवच सदोष आहेत, असा आमचा. त्या सुमारास आम्हां उभयतांत बोलणे असे उरलेच नव्हते. महाविद्यालयाजवळ मित्रांसमवेत खोली घेऊन राहण्याची त्यांची इच्छा आम्ही दोनदा धुडकावून लाविली होती.

एका रात्री ते आमच्या दाराशी येऊन म्हणाले, "बाबा, ही उष्णता जाते तरी कुठे?"

कित्येक महिन्यांत त्यांनी आम्हांस विचारलेला हा पहिला प्रश्न! आम्ही चष्मा सावरून उठलो.

पेटी उघडताच उलगडा झाला. दोन्ही कार्डांचे पंखे खालच्या अंगास. मधे बोटभरही जागा नाही. वरचे कार्ड श्वास घेई तो खालच्याच्या तापलेल्या पाठीवरून. चाळीत खालच्या बिऱ्हाडाची शेगडी पेटावी आणि वरच्या बिऱ्हाडाचे डोळे चुरचुरावेत, तसाच हा प्रकार. दोष कार्डाचा नव्हता, जागेचा होता.

प्रथम आम्ही पेटीचे दार काढून टेबलपंखा लाविला. वरच्या कार्डास थोडा आराम पडला, पण खोली होती तितकीच तापली. पंखा उष्णता नाहीशी करीत नाही, तिचे स्थलांतर करितो. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात जे प्रयोगांनी दाखविले, ते आम्ही फळ्यावर असंख्य वेळा लिहिले होते. घाम पुशीत अनुभवले मात्र प्रथमच. मग जोडणीचा लांब पूल आणून खालचे कार्ड आणखी खालच्या खाचेत हलविले, तेव्हा वरचे ७६ अंशांवर आले. शेवटी चिरंजीवांनी प्रत्येक कार्डाची मर्यादा २०० वॅटांवर आणिली. खेळाचा वेग फारसा घटला नाही. कारण वेग वाढवावयाचा तर विद्युद्दाबही वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शेवटचा थोडासा वेगच सर्वांत महाग पडतो.

"उष्णता मारता येत नाही," आम्ही सवयीने व्याख्यान आरंभिले, "मधे अंतर ठेवता येते, आणि मुळात ती कमी उत्पन्न करता येते."

चिरंजीव हसले. आम्हांस मात्र पुढे बोलवेना. महाविद्यालयातला दिवसभराचा ताप रोज संध्याकाळी आम्ही कोणाच्या वाट्यास देत आलो होतो? खालच्या बिऱ्हाडातली शेगडी आम्हीच होतो. त्याच रात्री आम्ही त्यांस खोली पाहावयास सांगितले.

जूनमध्ये चिरंजीव गेले, संगणकही गेला. दर रविवारी ते दूरध्वनी करितात आणि दोन्ही कार्डांचे तपमान सांगतात. त्यांची येथील खोली आता अगदी थंड असते. इतका गारवा आम्हांस मानवत नाही, हे मात्र आम्ही त्यांस अद्याप कळविलेले नाही.