इशाऱ्याआधीचा श्वास

वाचक माउली, क्षण धरून ठेवता येत नाही हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. पंढरीत दर्शनबारीत तासन् तास उभे राहायचे आणि पायांवर डोके टेकते न टेकते तोच पुढे सरकायचे, हे तुम्ही अनुभवलेले आहे. अशा क्षणाची तयारी कशी करायची, हे मला मात्र फार दूर, भर समुद्रात, एका क्रूझच्या रंगमंचामागे कळले.

मी ठाण्याच्या कोपरीचा. मासुंदा तलावाकाठी १९७८ साली गडकरी रंगायतन सुरू झाले. तिथल्या विंगेत सेट लावणे, सामान मोजून ठेवणे, अंधारात टेबल-खुर्ची हलवणे ही कामे मी शिकलो. पुढे त्याच कामासाठी जहाजावर गेलो. मोठ्या क्रूझवर पूर्ण नाट्यगृह असते आणि रात्री बहुधा दोन खेळ होतात. २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळावी असा सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण आठवड्याची सुट्टी म्हणाल तर आठ महिन्यांत एकही नसे. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. समुद्रावर राहून समुद्र दिसायचा तो कामाच्या फटीत.

तुम्हाला वाटेल, रोज फुकट खेळ पाहायला मिळत असेल! पण विंगेतून खेळाची फक्त कड दिसते. नाचणारी मुलगी हसत हसत आत येते, काळोखात पाऊल पडताच गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकते आणि पुन्हा हसत बाहेर जाते. समोरच्या माणसांना हसू दिसते. धाप आम्हाला दिसते.

आमचे सारे काम दोन शब्दांवर चाले. कानातल्या यंत्रात रंगमंच-व्यवस्थापक आधी ‘स्टँडबाय’ म्हणे आणि मग ‘गो’. पहिल्या शब्दाला हात दोरीवर जायचा, दुसऱ्याला दोरी ओढायची. मधे एक-दोन श्वासांचे अंतर. तेवढ्यात मागचे काही मनात नसे, पुढचेही नसे. कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे उभे असतात, ध्रुपद कधी उचलायचे याची खूण पाहत, टाळ छातीशी धरून, तसेच.

त्या अंतरात मी काय काय पाहिले! समुद्र खवळला की वरच्या बारांना टांगलेले पडदे घड्याळाच्या लंबकासारखे झुलत. मग दोरावरच्या कसरती रद्द होत, पेट्या पट्ट्यांनी बांधल्या जात आणि गायिका एकटीच पाय रोवून गात राही. तिचा आवाज हलत नसे, मागचा पडदा हलत असे. हे तिला दिसत नव्हते, प्रेक्षकांच्या लक्षात आले नसावे. मी पाहिले. विंगेत फोन काढायला बंदी, कारण त्याचा उजेड बाहेर दिसतो. म्हणून त्या वर्षांचे फोटो माझ्याकडे जवळजवळ नाहीत. पाहायचे ते तेव्हाच आणि पुरते पाहायचे, एवढी एकच सोय होती.

तिसऱ्या करारानंतर घरी आलो, तेव्हा आईने दार उघडून विचारले, “कोण पाहिजे तुम्हाला?”

तिची आठवण हळूहळू जात होती. त्यानंतर मी जहाजावर गेलो नाही. आता ती मला ओळखते ती कधीतरी, दोन-चार मिनिटे. ती कधी येतील हे सांगता येत नाही. मी तिच्या गोळ्या देतो, वेणी घालतो, चहात बुडवलेले बिस्कीट मोडण्याआधी तिच्या तोंडाशी नेतो. हात कामावर, लक्ष तिच्याकडे. शेजारी म्हणतात, ती बोलते तेव्हा फोनवर टिपून ठेव. पण फोन शोधेपर्यंत ती मिनिटे सरतात.

गेल्या हिवाळ्यात तिला संध्याकाळी खाडीकडे नेले होते. भरती चढत होती, खारफुटीच्या मुळांत पाणी शिरत होते. ठाण्याची खाडी पुढे मुंबई बंदराला मिळते, तिथून खुला समुद्र. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हेच पाणी तुझ्या बोटीखालून जायचं ना रे?”

‘तुझ्या’ म्हणाली. ‘रे’ म्हणाली. मी फक्त “हो आई” म्हणालो आणि तिचा हात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने हात सोडवून घेतला. “चला, उशीर झाला. तुमच्या घरी वाट पाहत असतील.”

माउली, मला वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? पण ते ‘रे’ माझ्या कानावरून निसटले नाही. मी जागेवर होतो. तुमच्याही घरात कोणी म्हातारे असेल, कोणी उद्या परगावी जाणारे लेकरू असेल. त्यांचा क्षण कधी येईल हे आपल्या हाती नाही. आपण हाताशी असावे, हातात त्यांचेच काही काम असावे, एवढे आपल्या हाती आहे. उद्या सकाळी मला आईची वेणी घालायची आहे. ती मला ओळखो वा न ओळखो, फणी हातात तयार असेल.