थोमाचे आठ दिवस

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. रविवारची उपासना आटोपून आम्ही सुरतेहून पलसाण्यास परतत होतो. कडोदऱ्याच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती आणि बस जागची हलत नव्हती. शेजारी आमची नात बसली होती. ती दृढीकरणाच्या वर्गाला नुकतीच जाऊ लागली आहे. खिडकीबाहेर पाहता पाहता तिने विचारले, "आजोबा, मतांगीकार म्हणताना शेवटच्या वाक्याला तुम्ही गप्प का होता?"

ज्या वाचकांना आमच्या उपासनेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. ख्रिस्ती मंडळी उपासनेत उभी राहून आपण काय मानतो ते एकमुखाने म्हणते, त्यास मतांगीकार म्हणतात. त्याच्या शेवटी देहाचे पुनरुत्थान आणि मृत्यूपलीकडील जीवन यांवरील विश्वास उच्चारला जातो. आमच्या चर्चमध्ये हे सारे गुजरातीत चालते. आम्ही मात्र जुन्या सवयीने मराठीतच पुटपुटतो. त्यामुळे कुठे थांबलो हे कोणास कळत नसेल, अशी आमची समजूत होती. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेला शब्द जाणत्या वयात स्वतः देणे. तो शब्द द्यावयास निघालेल्या मुलीने नेमके आमचे मौन हेरले होते.

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. गर्दीचा बहाणा पुरला. पण घरी आल्यावर प्रश्नाने पाठ सोडली नाही.

आमचे वडील १९५६ साली नगर जिल्ह्यातून सुरतेस गिरणीच्या कामाला आले. पुढे आम्ही पलसाण्याच्या एका डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यास लागलो आणि इथलेच झालो. वडिलांनी सोबत आणलेल्या ट्रंकेत मराठी बायबल होते आणि 'ज्ञानोदया'चे जुने अंक होते. नगरला १८४२ साली निघालेल्या या नियतकालिकाचा वडिलांना मोठा अभिमान. संध्याकाळची प्रार्थना घरात कधी चुकली नाही. विश्वास आम्हांस वारशाने मिळाला, जशी भाषा मिळाली. त्यासाठी कधी काही मोजावे लागले नाही, म्हणून तो तपासूनही पाहिला नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आमची पत्नी गेली. आजार लांबला नाही. नवव्या दिवशी सारे संपले. त्या नऊ दिवसांत आम्ही जितकी प्रार्थना केली तितकी उभ्या आयुष्यात केली नव्हती. दफनभूमीत माती भिजून जड झाली होती. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाच्या आशेची वचने वाचली, सर्वांनी 'आमेन' म्हटले आणि आमच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. रागाने नव्हे. तो खरा आहे की नाही, हेच आम्हांस कळेना. तेव्हापासून त्या एका वाक्याला आम्ही थांबतो. बाकीचे सारे म्हणतो.

शंका घेणे म्हणजे विश्वासात उणे असणे, हे लहानपणापासून मनावर ठसलेले. म्हणून इतकी वर्षे ही गोष्ट आम्ही कोणास सांगितली नाही. नातीच्या प्रश्नानंतर मात्र एका जुन्या माणसाची आठवण झाली. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे.

आपल्या वाचकांना ते जवळचे वाटतील, कारण तेही मुलूख सोडून गेलेल्या मराठी घराण्यातले. चित्पावन कुटुंब; जन्म १८२५ चा, झाशीकडचा; वाढले काशीत. जॉन म्यूर या विद्वानाने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांवर आक्षेप घेतले, तेव्हा या तरुण पंडिताने विशीच्या उंबरठ्यावर 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उलट प्रश्न केले. पूर्वजन्म मानायचा नाही, तर जगातील सुखदुःखाच्या विषमतेचा उलगडा कसा करणार? निरपराधाच्या वाट्याला यातना का येतात? आमच्या त्या नऊ दिवसांतला प्रश्न याहून वेगळा नव्हता.

हाच प्रश्नकर्ता १८४८ साली बाप्तिस्मा घेता झाला. गोष्ट इथे संपती तर ती एका वादविवादाच्या निकालाची गोष्ट ठरली असती. पण गोऱ्ह्यांचे प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाले नाहीत. १८५३ साली कन्या जन्मली आणि लवकरच पत्नी निवर्तली. मुलगी परक्या घरी वाढली. मनातल्या शंका जात, पुन्हा येत. १८७६ साली इंग्लंडमध्ये काउली येथील मठात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, परंतु कायमच्या व्रताचा उच्चार त्यांनी अखेरपर्यंत केला नाही. तरी उपदेश, लेखन, दारिद्र्यातले जिणे यांत खंड पडू दिला नाही. १८९५ साली मुंबईत ते वारले. बाप्तिस्म्यापासून मोजली तर ही सत्तेचाळीस वर्षे होतात. एवढा काळ एक माणूस शंका उशाला घेऊन निजला आणि सकाळी उठून आपल्या कामाला लागला.

आणि अशा माणसाच्या लेखनाने पंडिता रमाबाईंचे मन वळण्यास साहाय्य झाले, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपली विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करण्यास त्या तयार नव्हत्या. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, इथपर्यंत त्यांनी विचारले. याच बाईंनी पुढे मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या पोरक्या मुलींना आसरा दिला आणि मरेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर श्रम घेतले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्याच निर्णयाशी येण्यास १९०० साल उजाडले. मधली पाच वर्षे त्यांनी कशी काढली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच.

म्हणजे आमच्या परंपरेचे जे मूळपुरुष आणि ज्या मूळस्त्रिया, त्या सर्वांनी घराणे, जात, मालमत्ता पणाला लावून प्रश्न विचारले होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी प्रश्न विचारू नयेत, ही रूढी मग कोठून आली? तुकोबांनी विठोबाशी मांडलेली भांडणे तुमच्या घरोघरी गायिली जातात. देव नाकारण्याच्या टोकापर्यंत गेलेला तो भक्त अभक्त ठरला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या टिळकांना हे उमजले होते. आम्हांसच विसर पडला.

मग योहानाच्या शुभवर्तमानातील थोमाची कथा आम्ही पुन्हा काढून वाचली. आपल्याकडे त्याला 'संशयी' म्हणून ओळखतात. तोच शिष्य पुढे हिंदुस्थानात आला असे परंपरा सांगते. येशू मरणातून उठला हे इतरांनी पाहिले, थोमा तेव्हा तेथे नव्हता. खिळ्यांचे व्रण हाताने चाचपल्यावाचून आपण मानणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्यानंतर आठ दिवसांनी येशू पुन्हा आला. आजवर आमचे लक्ष नेहमी त्या शेवटच्या भेटीकडे जाई. या खेपेस ते मधल्या आठ दिवसांवर खिळले.

त्या आठ दिवसांचे वर्णन कोठेच नाही. एवढेच दिसते की आठव्या दिवशी थोमा त्यांच्यातच होता. ज्यांनी पाहिले होते त्यांनी न पाहणाऱ्याला बाहेर घातले नाही. ज्याने पाहिले नव्हते तोही रुसून निघून गेला नाही. एकाच बंद खोलीत, एकाच ताटावर, दहा जणांची खात्री आणि एकाची शंका शेजारी शेजारी राहिली. थोमाचा विश्वास आठव्या दिवशी जन्मला असे म्हणतात. आम्हांस वाटते, त्या खोलीत थांबण्यातच तो होता. काही माणसांचे आठ दिवस लांबतात. गोऱ्ह्यांचे सत्तेचाळीस वर्षे लांबले. आमचे अजून चालू आहेत.

दृढीकरणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नातीला ओट्यावर बोलावले. महामार्गाचा आवाज सतत येत होता. आजी गेली त्या दिवसापासूनची सारी हकीकत तिला सांगितली. काही लपविले नाही. "ते खरे असावे अशी फार इच्छा आहे," आम्ही म्हणालो, "पण इच्छा आहे म्हणून खरे आहे असे उभे राहून सांगवत नाही. खोटे बोलण्यापेक्षा गप्प राहतो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. उद्या शब्द द्यावयास निघालेल्या मुलीच्या मनात आपण विष तर कालविले नाही ना, अशी धास्ती आम्हांस वाटली. मग तिने विचारले, "तरी तुम्ही दर रविवारी येता ना?"

"येतो."

"मग या. उद्या माझ्या शेजारी उभे राहा. ते वाक्य तुमच्या वाटचं मी म्हणते."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. गुजरातीत, खणखणीत आवाजात. आम्ही शेजारी उभे होतो. आमचे ओठ त्या वाक्याला या खेपेसही हलले नाहीत. पण मंडळी 'आमेन' म्हणाली तेव्हा त्यात आमचाही आवाज होता.