चांद, उधाण आणि बांध

आमच्या गावात भरतीची वेळ हवी असेल तर चाचांना चांदची तारीख सांगायची. "आज दुसरी," म्हटलं की ते बोटांवर काहीतरी मोजतात आणि म्हणतात, "तीनच्या सुमाराला." त्यांचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोकणातले हिंदू शेतकरी आणि कोळी हाच हिशेब पंचांगावरून करतात. आम्ही मुसलमान हिजरी तारखेत एक, कधी दोन मिळवतो. चांद कितव्या दिवशी दिसला त्यावर ते अवलंबून. २०२३ ची ईद तर अक्षय तृतीयेलाच आली होती, म्हणजे दोन मिळवायचे.

बी.एड. करून राजपुरी खाडीच्या काठी, आपल्याच गावच्या उर्दू शाळेत आम्ही शिकवायला आलो तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा होता. उर्दूत तिला 'मद्द-ओ-जज़र' म्हणतात. हा शब्द आम्हाला हालींच्या मुसद्दसमुळे ठाऊक होता, कारण तिच्या नावातच तो आहे. पण तो शाळेमागच्या खाडीत दिवसातून दोनदा घडतो, हे मुलांना सांगायचं आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढली. चाचांचा नातू समोरच बसला होता. आम्ही त्याला काही विचारलं नाही. मनात खरं तर असंच होतं की चाचांचं ते अडाणी माणसांचं गणित.

हा समज ३ जून २०२० ला गेला.

निसर्ग चक्रीवादळ येणार हे हवामान खात्याने आधीच कळवलं होतं. चाचांना त्याची काही चाहूल नव्हती आणि त्यांनी तसं कबूलही केलं: "मृगाच्या तोंडाला असलं वादळ आम्ही पाहिलेलं नाही." पण त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्या दिवशी शव्वालची दहावी. त्यात दोन मिळवले की बारा, पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊ-दहाला भरती आणि दुपारी, वादळ किनाऱ्याला लागेल तेव्हा, पाणी उतरत असेल. धोका समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याचा. ते शेतातून बाहेर पडलं पाहिजे. म्हणून आदल्या दिवशीच्या ओहोटीला बांधातली उघाडी साफ करा. लॉकडाऊनमुळे मुंबईहून परतलेली पोरं गावात होती. त्यांनी गुडघाभर चिखलात उतरून उघाडीतला गाळ काढला. खाडीलगतच्या घरांतली माणसं मोबाईलवरच्या इशाऱ्यामुळे शाळेत आली.

दुपारी सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, शाळेचे पत्रे उडाले. बांध मात्र टिकला. वादळ दोन दिवस उशिरा, पुनवेच्या उधाणाला, भरतीच्या वेळी आलं असतं तर काय झालं असतं हा हिशेब चाचांनी त्या रात्री कंदिलाच्या उजेडात करून दाखवला. तो ऐकून कुणी काही बोललं नाही.

बांध पुढल्या वर्षी फुटला, साध्या उधाणात. कारण खेकडे. खेकड्यांची बिळं वेळेवर बुजवली नाहीत तर पाणी त्यातूनच वाट काढतं. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. आता घरटी एक माणूस कुवेतला किंवा दुबईला आहे, आणि मुंबईची पोरं मुंबईला परतली होती. खाडीच्या पाण्याची किंमत मनीऑर्डरीत मोजायची सवय आम्हाला दोन पिढ्यांपासून आहे.

दुरुस्तीसाठी अर्ज आम्हीच लिहिला. कचेरीत साहेबांनी विचारलं, "उधाणाचं पाणी किती मीटर चढतं?" आम्ही म्हणालो, "काळ्या दगडापर्यंत." ते हसले. त्यांचंही चुकलं नाही, दगडावर अंदाजपत्रक होत नाही. पण चाचांनी साठ वर्षं पाहिलेलं पाणी त्या कचेरीच्या फायलीत शिरलंच नाही, कारण त्याला आकडा नव्हता, आणि आकडा लावण्याइतकं शिकलेली माणसं आम्हीच होतो.

केरळच्या कोळ्यांनी वाऱ्यावाचून अचानक घुसणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोर समुद्र, असं नाव दिलं. दक्षिणेकडच्या दूरच्या महासागरात उठलेल्या लाटा तशा येतात हे शास्त्रज्ञांनी नंतर दाखवलं, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तोच शब्द मान्य केला. आपल्याकडेही असं घडलं आहे, पण भातात. खाऱ्या जमिनीत तगणारा भुरा राता ही आपल्या खाडीकाठची जुनी जात. तिच्यातून निवडलेल्या वाणाचा फिलिपिन्सच्या आयआर-८शी संकर करून पनवेलच्या खारभूमी केंद्राने पनवेल-१ तयार केलं. आमच्या दादीच्या कणगीतला राता मात्र आम्ही संपवला. दोन वर्षं कुणी पेरलाच नाही.

आमच्या दोन तुकड्यांत आता तिवर उगवली आहे. तिवरं तोडायला २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आहे, आणि तोडावीत असं आम्हालाही वाटत नाही. ती लाटा अडवतात. पण भात गेलं ते गेलं.

उरलेला बांध वाचावा म्हणून सध्या आठवीची मुलं एक वही लिहितात. चांदची तारीख, चाचांची वेळ, सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-तक्त्यातली वेळ आणि उंची, शेवटी उघाडीच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर दिसलेलं पाणी. वेळा बहुधा अर्ध्या तासाच्या फरकाने जुळतात. उंची जुळत नाही, जोराचा वारा असला की पाणी तक्त्याच्या वर असतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात १९८२-२००० पेक्षा २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातली वादळं ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, तेव्हा हा वरचा आकडाच आमच्या कामाचा.

काळा दगड पट्टीवर दोन मीटर वीसला आला. मागच्या चांदरातीला पाणी त्याच्या वर चौदा सेंटीमीटर गेलं. सगळा दोष समुद्राचा असं आम्ही म्हणणार नाही, खाडीत गाळही साचला आहे. चाचांनी आकडा दोनदा वाचून घेतला. "माझ्या बापाच्या वेळी हा दगड वर्षातून एकदा भिजायचा," ते म्हणाले, "हेही लिहा." मुलांनी लिहिलं. नव्या अर्जाला वहीची झेरॉक्स जोडली आहे.