पन्नाशीनंतरची धाव

आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या मंडळींना पहाटे ग्वारीघाटच्या रस्त्यावर पळायला नेते, तेव्हा सुरुवातीला कुणाला घड्याळ बघू देत नाही. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढीच अट. तरुण मुलं ती मोडतात आणि परतताना धापा टाकत चालू लागतात. पन्नाशीच्या काकू आधी मागे पडतात, पण शेवटपर्यंत त्यांची लय मोडत नाही. मोठ्या मॅरेथॉनच्या निकालांतही हेच दिसतं. उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरीने जास्त घसरतो, बायकांचा कमी.

निकाल लागला की मी आधी वयोगट बघते. तिशीच्या मध्यापर्यंत वेग टिकतो, मग हळूहळू उतरतो, सत्तरीनंतर झपाट्याने. हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, स्नायू झडतात. यातून ना पुरुष सुटत, ना बायका. सराव ठेवला तर हा उतार किती सौम्य राहतो, ते धावपटू जोन बेनॉइटने दाखवलं. १९७९ साली एकविसाव्या वर्षी तिने बॉस्टन मॅरेथॉन २ तास ३५ मिनिटं १५ सेकंदांत जिंकली. २०१९ साली एकसष्टाव्या वर्षी तिथेच तिला ३ तास ४ मिनिटं लागली. चाळीस वर्षांत अर्धा तासही वाढला नाही.

मात्र वय वाढत जातं तशा निकालात बायका विरळ होत जातात. त्याचा दोष शरीराला देऊ नये. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन आली १९८४ साली. ती जोननेच जिंकली. आज सत्तरीत असलेल्या आपल्याकडच्या किती बायकांना विशीत पळायला कुणी पाठवलं असेल? त्यांची पहाट पाणी भरण्यात आणि डबे करण्यात गेली.

म्हणून नव्याने येणाऱ्या काकूंना मी तरुणांच्या वेळेशी ताडून बघत नाही. आधी चालणं, मग थोडं पळणं. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि जिने चढणं ठरलेलं. बाकी काम घरच्यांचं: सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कुणीतरी करावा. तो एक तास मोकळा झाला, तर निकालातला साठीपुढचा बायकांचा गट भरायला वेळ लागणार नाही.