शेवटचं भोक

कढईतली मोहरी कोळशागत झाली, तरी शेजारीच बसलेल्या भिवापूरच्या त्या मेकॅनिकना पत्ता नव्हता. बायको अंगणातून धावत आली. "अवो, फोडणी जयली ना! नाकात बोळे घातले का?"

२०२१च्या कोरोनात त्यांचा वास गेला, तो परतलाच नाही. मिरचीचा ठसका मात्र लागतो. तिखट वासाच्या नसेनं जात नाही. मिरचीच्या गावात एवढी तरी सोय.

धंदा मात्र हवा हुंगण्याचाच. नागपुरातल्या सर्व्हर रूममध्ये ते छताखाली भोकांचे लाल पाईप टाकतात. पाईपांना जोडलेल्या, धूर ओळखणाऱ्या यंत्रातला पंखा चोवीस तास हवा ओढतो. गाळलेल्या हवेवर लेसर पडतो, धुराच्या कणांवरून उजेड विखुरला की आकडा चढतो. वायरचं आवरण नुसतं तापलं तरी कळावं, ज्वाळेची वाट पाहू नये, यासाठी हा खटाटोप.

डोकं अडकलंय ते शेवटच्या भोकात. वीस भोकांपैकी एकाशीच धूर असला, तर बाकी एकोणीस स्वच्छ हवा आणतात. मीटरभरात ४ टक्के उजेड अडवणारा धूर यंत्रापाशी येईतो ०.२ टक्के उरतो. त्यात पंख्याजवळचं भोक हावरट, टोकाचं उपाशी. म्हणून टोकाचं जरा मोठं पाडायचं. जरा म्हणजे किती, यात त्यांच्या रात्री गेल्या. धूर फार तर १२० सेकंदांत पोचला पाहिजे. सगळी भोकं एकाच ड्रिलनं पाडून पहिल्याच भोकाशी चाचणी उरकणाऱ्यांना ते 'नळवाले' म्हणतात.

स्वतः तरी कुठे सोवळे? एका ठिकाणी धुळीनं खोटे अलार्म वाजायला लागले, मालक तापला, यांनी मर्यादा ढिली केली. मग कित्येक वर्षं फुशारकी: माझं यंत्र कधी खोटं बोललं नाही. ते बोलतच नव्हतं.

९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच आठवड्यात ते गुपचूप त्या जुन्या जागी गेले, पाईप फुंकून साफ केले, गाळणी बदलली, मर्यादा पुन्हा खाली आणली. बिल लावलं नाही. हेही ते जरा ऐटीतच सांगतात.

आता चाचणीला हाताखालचा पोरगा लागतो. तो टोकाच्या भोकाशी वायर तापवतो.

"काका, वास आला."

ते यंत्रापाशी, घड्याळावर डोळा ठेवून. ६८, ६९, ७०...