चाकाची कडी

आमच्या थोरल्या दादांच्या जुन्या जीपला पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक कडी आहे. फिटर मंडळी तिला ‘हब’ म्हणतात. कडी मोकळी असली की चाक आपले एकटेच फिरते. लावली की ते आतल्या दांड्याशी जोडले जाते, आणि मग चिखलात चारही चाके जोर करतात. मात्र दोन्ही बाजूंच्या कड्या लावायला हव्यात. एका कडीने भागत नाही.

लढाईतल्या विलिस जीपला ही सोय नव्हती. पक्क्या सडकेवरही पुढचे दांडे उगीच फिरत आणि झिजत. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न या गृहस्थाने त्यावर ही युक्ती काढली.

दादांच्या कड्या जुन्या घडणीच्या, सगळ्या धातूच्या. उघडाव्यात, रॉकेलने धुवाव्यात, ग्रीस भरून पुन्हा बसवाव्यात. पण पावसात त्या अशा आखडत की पक्कड लावावी लागे. आणि दादांची बोटे तर संधिवाताने त्यांच्याहून आखडलेली! ओढ्यापलीकडच्या खाचरांवर जायचे म्हणजे कडी फिरवायला शेजारचा पोरगा बरोबर हवा. एक दिवस वहिनी म्हणाल्या, “आता जीप विका, खाचरे खंडाने द्या.” दादा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

शेवटी नवी जोडी आणली. दाते जुळवून आणावी लागते बरे का! जुन्या विलिस घराण्यातल्या दांड्याला टोकाशी १० दाते, तर अमेरिकेतल्या पुढच्या जीपांना २७. नवी कडी हलकी आहे, पाणी अडवायला आत रबराचे कडे आहे, आणि ती नुसत्या बोटांनी फिरते. फिरवायची चकती तेवढी प्लॅस्टिकची. दगडाचा ठोका बसला तर तिचे काय होईल, ही धास्ती मला अजून आहे. ठोका सोसावा तो जुनीनेच. पण ठोका काही रोज बसत नाही; कडी मात्र रोज फिरवावी लागते.

श्रावणात ओढ्याकाठी दादा एकटे उतरले. डावी कडी लावली, वळसा घालून उजवी लावली. आम्ही कुणी जागचे हललो नाही.

जुनी जोडी तेलकट फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली आहे. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी विचारले, “ही तरी भंगारात देऊ का?”

“का?” दादा म्हणाले. “चालू आहे ती.”