पेनड्राइव्हवरून आला अख्खा इतिहास

इंटरनेट नाही, सर्व्हर नाही, आणि तरी दोन लॅपटॉपवरचं काम एक झालं! भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

मी पांढरकवड्याचा, मित्र घाटंजीचा. दोघंही पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, जाऊन कोलामी शब्द टिपतो. कोलामी द्राविडी कुळातली. आपल्या जिल्ह्यात बोलतात पुष्कळ, लिहिलेली सापडते क्वचित. शब्द ठेवतो गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत. त्याची रिपॉझिटरी वेगळी, माझी वेगळी.

परवा तो आला आणि नेमकं नेट गेलं. "अबे, आता कसं?" मी विचारलं. पठ्ठ्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात एकच फाइल, गिटचं 'बंडल'. त्याच्या सगळ्या नोंदी, सगळे बदल, कुठला कोणत्या तारखेचा, सगळं त्यात! 'फेच' केलं, सगळं माझ्याकडे आलं, अन् माझ्या फायलींना धक्काही नाही.

लिनस टोरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहिलं. लिनक्सवाले वापरायचे त्या बिटकीपरची फुकट सोय बंद झाली होती, म्हणून. गिटमध्ये प्रत्येकाची प्रत स्वयंपूर्ण. मधला मालक कोणी नाही.

मग 'मर्ज'. गिट अडलं: या दोन इतिहासांचं काही नातंच नाही म्हणे! बरोबरच होतं, सुरुवातच निरनिराळी. पण 'अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज' असं बजावून सांगितलं की ऐकतं. वेगवेगळ्या नावांच्या फायली गुपचूप शेजारी येऊन बसल्या. 'नाती' नावाची फाइल मात्र दोघांकडे होती. तिथं गिटनं वर माझ्या ओळी, खाली त्याच्या, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रांग घातली आणि निवाडा आमच्यावर सोडला. घाटंजीकडचा उच्चार खरा की पांढरकवड्याकडचा, यावर आम्ही चहा थंड होईस्तोवर भांडलो. शेवटी दोन्ही ठेवले, गावाच्या नावासकट. हे यंत्रानं परस्पर ठरवलं नाही, हे मला फार आवडलं.

कमिट झालं. त्याला दोन पालक, एक त्याच्याकडचा, एक माझा. तेच बंडल करून त्याच्या लॅपटॉपवर नेलं, आणि दोन्ही पडद्यांवर कमिटची तीच ४० अक्षरी ओळख! ती जुळली म्हणजे पहिल्या शब्दापासूनचा इतिहास जुळला. एक काना इकडचा तिकडे असता तरी ओळख बदलली असती.

आता आदिलाबादकडे कोणी कोलामी टिपत असेल, तर त्याच्याकडे पेनड्राइव्ह पाठवायचाय. तिकडे लिपी तेलुगू असली तरी गिटला काय फरक पडतो!